जुन्या गाडीची पुढची चाकं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पार्किंगमध्ये माझी प्रीमियर पद्मिनी उभी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत एका ताईंनी विचारलं, "काका, आवारात मुलं खेळतात. तुमची गाडी सुरक्षित आहे ना?" प्रश्न अगदी रास्त होता. आज त्याचंच उत्तर देतो.

ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली.

पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ते किंगपिन नावाच्या एका उभ्या पिनेवर. पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजले की खड्ड्यात स्टिअरिंग थरथरतं, गाडी सरळ रेषेत राहत नाही, टायर एकाच बाजूने झिजतो. माझ्या गाडीत हे सगळं सुरू झालं होतं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "ग्रीस मारा, वर्षभर चालेल." पण ग्रीसने झिजलेलं लोखंड भरून येत नाही हो!

तपासणी सोपी आहे. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवायची. चाक वर-खाली धरून हलवायचं. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा संशय घ्यायचा.

मग मिस्त्रींनी दोन्ही बाजूंच्या पिना आणि बुश बदलले. एकच बाजू बदलली तर दोन चाकांचं वागणं वेगळं राहतं. नवे बुश दाबून बसवले आणि रीमरने पिनेच्या मापाला आणले. पिन हाताने सरकावी, पण डुगडुगू नये. बुशचं भोक ग्रीस निपलसमोर यावं लागतं, नाहीतर ग्रीस आत पोचतच नाही. स्प्रिंग मात्र घरी कुणी सोडवू नका. दाबलेली स्प्रिंग उसळली तर हात मोडतो. जुन्या स्प्लिट पिना पुन्हा वापरल्या नाहीत. शेवटी अलाइनमेंट करून घेतलं.

आता स्टिअरिंग शांत आहे. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली की मी ग्रीस गन मारतोच.

ज्यांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत, त्यांनी येत्या रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये यावं. पुढची चाकं हलवून बघू. जॅक आणि स्टँड माझे, चहा मात्र कमिटीचा!