खडीर बेटावरील एक दिवस

माझ्या नोकरीचीं छत्तीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलीं. सिंधुसंस्कृतीचा धडा आला, कीं फळ्यावर नकाशा काढावयाचा, त्यांत पांचसात ठिपके द्यावयाचे आणि कच्छच्या रणांतील एका ठिपक्यापुढें 'धोलावीरा' असें लिहावयाचें, हा माझा परिपाठ असे. ठिपका देण्यास खडूचा एक स्पर्श पुरतो. परंतु त्या ठिपक्याच्या जागीं स्वतः उभें राहण्याचा योग मला निवृत्तीनंतरच आला. गेल्या पौषांत आम्हीं दहाबारा जणांनीं भुजहून तेथवर एक लहानशी सहल केली. तिचा वृत्तांत आज आपणांस सांगावयाचा आहे. त्यांत माझ्या एका प्रमादाची कबुलीहि आहे. ती ओघानें येईल.

भुजच्या उत्तरेस खावडा गांव मागें टाकलें, कीं थोड्याच वेळांत रण लागतें. वाळवंट म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. येथें पसरलें आहे तें मीठ! हा प्रदेश एके काळीं समुद्राचाच फांटा होता. आजहि पावसाळ्यांत त्यावर उथळ पाणी पसरतें, आणि तें आटलें म्हणजे मिठाचा पांढरा थर मागें राहतो. त्यामधून सुमारें ३० किलोमीटर रस्ता खडीर बेटाकडे जातो. दोन्हीं बाजूंस क्षितिजापर्यंत झाड नाहीं, घर नाहीं. गाडींत चाललेल्या आमच्या गप्पा कोणीं न सांगतांच थांबल्या.

बेटावर आमचा वाटाड्या वाट पाहत होता. तिशी-पस्तिशीचा तरुण, तेथलाच रहिवासी. त्याचे वडील उत्खननाच्या कामावर मजुरी करीत. लहानपणीं त्यांची भाकरी घेऊन तो खड्ड्याच्या कांठाशीं येऊन बसे व कामावरच्या पंडितांचें बोलणें ऐके. मी शिक्षक होतों हें कळतांच तो मला 'मास्तरसाहेब' म्हणूं लागला. पण त्या दिवशीं मास्तर तो होता आणि विद्यार्थी मी.

या स्थळाचा शोध १९६०नंतरच्या दशकांत जगत्पति जोशी यांनीं लावला. १९९० ते २००५ या काळांत रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन झालें, आणि २०२१ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० पासून १५०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षें, येथें मनुष्यवस्ती होती. मोहेंजोदडो विटांचें; हें नगर मुख्यतः दगडाचें. उंचावर बालेकिल्ला, खालीं मधलें नगर, त्याच्या पलीकडे सामान्य जनांची वस्ती, आणि मध्यें एक विस्तीर्ण मैदान, अशी त्याची रचना आहे.

परंतु मला थक्क केलें तें तेथील पाण्याच्या व्यवस्थेनें. नगराच्या उत्तरेस मानसर व दक्षिणेस मनहर असे दोन ओढे आहेत. ते वाहतात पावसाळ्यापुरतेच. त्या लोकांनीं ओढ्यांवर बांध घातले, पाणी वळविलें आणि तटाच्या आंत मोठमोठे हौद खोदून त्यांत सांठविलें. पूर्वेकडचा हौद सुमारें ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद व १० मीटर खोल आहे. खालीं उतरावयास दगडी पायऱ्या आहेत. बालेकिल्ल्यावर पडणारें पावसाचें पाणीहि वायां जाऊं नये म्हणून गटारें बांधलेलीं आहेत.

त्या पायऱ्यांवर बसलों असतां मला १९७२चा दुष्काळ आठवला. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. आमच्या नगर जिल्ह्यांतील गांवची विहीर आटली होती, आणि आई तळाशीं वाटीवाटीनें पाणी भरी व मी दोरानें घागर वर ओढीं. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या गवंड्यांना वाटीभर पाण्याचें मोल ठाऊक होतें, एवढें मला त्या पायऱ्यांनीं सांगितलें.

बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजापाशीं वाटाड्यानें एक चित्र काढून दाखविलें. येथील दालनांत जिप्समच्या तुकड्यांनीं घडविलेलीं दहा मोठीं चिन्हें सांपडलीं. प्रत्येक सुमारें ३७ सेंटिमीटर उंचीचें. ज्या लांकडी फळीवर तीं बसविलेलीं होतीं ती कुजून गेली. अक्षरें तेवढीं मातींत राहिलीं. "मास्तरसाहेब, छत्तीस वर्षें आपण अक्षरें शिकविलींत, एवढीं दहा वाचा पाहूं," तो हंसून म्हणाला. ती लिपि आजवर कोणासहि निर्विवादपणें वाचतां आलेली नाहीं. मीहि हंसलों, पण मनांत ओशाळलों.

आतां तो प्रमाद. अवशेषांमध्यें फिरतांना पायांखालीं खापऱ्या पडलेल्या दिसतात. अंगठ्याएवढी, काळ्या रेघा असलेली एक खापरी मीं उचलली. आमच्या शाळेच्या कपाटांत ती शोभेल, मुलें पाहतील, असा विचार करून ती खिशांत टाकली. प्राचीन स्थळावरील वस्तु नेणें हा कायद्यानें गुन्हा आहे, हें मला माहीत नव्हतें असें नाहीं. हाच मी, वर्गांतील खडू घरीं नेल्याबद्दल एका मुलास तासभर बांकावर उभें करणारा!

दरवाजाशीं परत आल्यावर वाटाड्या सर्वांनाच उद्देशून म्हणाला, "माझे वडील सांगत, खापरी पडली तेथेंच बोलते, खिशांत गेली कीं मुकी होते." त्यानें मला पाहिलें होतें कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. मीं खापरी काढून त्याच्यापुढें धरली. तो एक शब्दहि न बोलतां माझ्याबरोबर दुपारच्या उन्हांत माघारा आला. परंतु ती नेमकी कोठून उचलली, हें मला सांगतां येईना. या भिंतीपाशीं कीं त्या? अर्धा तास शोधूनहि जागा सांपडली नाहीं. अखेर ती आम्हीं तेथील पहारेकऱ्याच्या स्वाधीन केली. वस्तु परत गेली. तिची जागा मात्र माझ्या हातून कायमची हरवली.

सायंकाळीं जवळच, रणाच्या कांठीं, दगड झालेले वृक्ष पाहिले. सुमारें अठरा कोटि वर्षांपूर्वींचीं तीं खोडें! त्यांच्यापुढें धोलावीरा कालचें वाटतें. तेथें मीं दोन्हीं हात पाठीमागें घट्ट धरून ठेविले होते. समोर मिठाच्या शुभ्र पसाऱ्यावर सूर्य मावळत होता.

श्रोतेहो, असे अवशेष कच्छांतच आहेत असें नव्हे. आमच्याच जिल्ह्यांत प्रवरेच्या तीरीं दायमाबाद येथें उत्तर-हडप्पाकालीन वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत. आपल्या गांवच्या पांढरीवरहि मुलें खेळतांना खापऱ्या उचलीत असतील. त्यांना घेऊन अवश्य जा, दाखवा, शिकवा; आणि परत निघतांना सर्वांचे खिसे, प्रथम आपला, एकवार चांचपून पाहा.