आधी ओल घालवा, मग चुना लावा

आम्ही बचत गटाच्या बायका आज तुमच्याशी भिंतीवरच्या काळ्या डागांबद्दल बोलणार आहोत. आधी आमचीच चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर आम्ही बैठकीची खोली साफ करायला घेतली. भिंत खालून हातभर काळी पडलेली, आत कुबट वास. आम्ही पदर खोचले, कोरड्या खराट्यानं भिंत खरवडली आणि वरून चुना मारला. खोलीभर धूळ उडाली. आमच्यातल्या एका ताईंना दमा आहे. रात्री त्यांना श्वास घेता येईना, रिक्षा करून दवाखान्यात न्यावं लागलं. ताई बऱ्या झाल्या. पण दिवाळीला पाहतो तर डाग परत चुन्यावर!

ती होती बुरशी. लोणच्यावर, भाकरीवर येते तशीच. ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती धरायला लागते. तिचे बारीक कण कोरडं घासलं की हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. त्यानं शिंका, खोकला, धाप लागते.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, गळका नळ. आमच्याकडे मोरीचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं. चर खणून ते परसातल्या केळींकडे वळवलं, तेव्हा कुठे भिंत सुकली.

मग सफाई. मुलं, गरोदर बाई, दम्याची माणसं यांना बाहेर पाठवा. दारं-खिडक्या उघडा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. तोंडाला नुसता पदर बांधून भागत नाही. पक्की भिंत साबणाच्या पाण्यानं भिजवून मगच घासा, फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मातीच्या भिंतीवर पाण्याचा नुसता हबका मारून वरचा थर काढा, वाळल्यावरच सारवा. बुरशी आतपर्यंत गेलेली गादी किंवा उशी टाकूनच द्या. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल, तर जाणत्या गवंड्याला दाखवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लवकर निघावं म्हणून ब्लीचिंग पावडरीत संडासाचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद मोरीत जिवावर बेतू शकतं. साध्या साबणानं काम होतं.

आणि बुरशी आलेले शेंगदाणे, मका निवडून, भाजून खाऊ नका. त्यातलं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना एवढंच विचारा, "तुझ्या घरात ओल कुठे आहे गं?" आणि चौघीजणी मिळून बघायला जा. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल, तर तेही वीतभर पुढे ओढून या.