वॉशिंग्टनचं मृत्युपत्र आणि माझी आत्या

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोललो तसाच, किरकोळ डागडुजी करून.)



सेक्रेटरींनी मला विचारलं, "काका, नोटीस बोर्डावर विषय काय लिहू?" मी म्हटलं, "जॉर्ज वॉशिंग्टनचं मृत्युपत्र." ते जरा गप्पच झाले. रौप्यमहोत्सवी वर्ष, सगळीकडे तोरणं, आणि काका मृत्युपत्र घेऊन बसलेत! पण काका ऐकत नाहीत, हे त्यांना पंचवीस वर्षांत पुरतं कळलेलं आहे.

आमची लेक आणि जावई अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, फेअरफॅक्स काउंटीत असतात. आम्ही उभयता तिकडे सहा महिने होतो. शनिवार-रविवार सोडले तर तिथे आपल्यासारख्यांना काम काय? गाडी चालवायची नाही, भाजीला जायचं नाही. त्याच काउंटीत माउंट व्हर्नन आहे, म्हणजे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं राहतं घर. ते बघायला गेलो. वॉशिंग्टनला हे घर त्याच्या भावाकडून मिळालं, असं गाइडने सांगितलं. झालं! माझ्यातला बँक ऑफिसर जागा झाला. भावाकडे कुठून आलं? आमच्याकडे घरावर कर्ज द्यायचं तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागवायचे. मी ठरवलं, माउंट व्हर्ननचा सर्च रिपोर्ट आपणच काढायचा. तिथल्या लायब्ररीत जुन्या मृत्युपत्रांच्या छापील नकला मिळतात. लेक ऑफिसला गेली की मी तिकडे.

आधी तिथली जुनी पद्धत सांगतो. माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र काउंटीच्या कोर्टात हजर करायचं. ते खरं ठरलं की कारकून ते शब्दशः मोठ्या वहीत उतरवून घ्यायचा. मग कोर्ट आजूबाजूची तीन-चार जाणती माणसं नेमायचं. ती घरात जाऊन यादी करायची आणि प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायची. आपल्याकडचा पंचनामाच म्हणा ना. पलंग, कढया, घोडे, गाई. आणि त्याच यादीत, तसेच किंमत लावून, गुलाम. त्यावर पुढे येतो.

आता आपला फेरफार बघू. जॉन वॉशिंग्टन हा जॉर्जचा पणजोबा. इंग्लंडहून जहाजावर नोकरी करत व्हर्जिनियात आला आणि तिथेच राहिला. त्याने भागीदारीत ५,००० एकर जमीन मिळवली. त्यातली निम्मी त्याच्या मुलाकडे, लॉरेन्सकडे आली. हा लॉरेन्स १६९८ साली गेला. त्याच्या मृत्युपत्रात ती २,५०० एकर जमीन कोणाला दिली आहे, ओळखा पाहू. मुलांना नाही. मुलीला! तिचं नाव मिल्ड्रेड. दोन भावांना वेगळ्या जमिनी दिल्या आणि ही जमीन धाकट्या मुलीच्या नावावर केली.

पुढची गोष्ट हिंदी सिनेमासारखी आहे. विधवा आईने दुसरं लग्न केलं आणि मुलांना घेऊन ती इंग्लंडला गेली. तिथे १७०१ साली तीही वारली. मुलांचा ताबा कोणाकडे असावा यावरून कोर्टात वाद झाला आणि शेवटी मुलं व्हर्जिनियाला परत आली. एवढ्या पोरकेपणात, समुद्र दोनदा ओलांडूनही, मिल्ड्रेडची जमीन मिल्ड्रेडचीच राहिली, कारण कोर्टाच्या वहीत तिचं नाव होतं. १७२६ साली तिचा भाऊ ऑगस्टिन याला ती जमीन हवी झाली. तेव्हा त्याने बहिणीला १८० पौंड मोजून दिले आणि रीतसर खरेदीखत केलं. हा ऑगस्टिन म्हणजे जॉर्जचे वडील. म्हणजे मिल्ड्रेड ही जॉर्जची आत्या. ही आत्या लक्षात ठेवा.

१७४३ साली ऑगस्टिन गेला, तेव्हा जॉर्ज ११ वर्षांचा होता. मृत्युपत्राने थोरल्या सावत्र भावाला, म्हणजे धाकट्या लॉरेन्सला, ही जमीन मिळाली. त्यानेच जागेला माउंट व्हर्नन हे नाव दिलं. जॉर्जला फेरी फार्म हे शेत आणि दहा गुलाम मिळाले. अकरा वर्षांच्या पोराला दहा माणसं वारसाहक्काने! १७५२ साली लॉरेन्स क्षयाने गेला. त्याने लिहिलं होतं की मालमत्ता मुलीला, बायकोला तिच्या हयातीपर्यंत उपभोग, आणि मुलगी अपत्याविना गेली तर पुढे जॉर्जला. मुलगी १७५४ साली गेली. वहिनीने तोवर दुसरं लग्न केलं होतं. म्हणून जॉर्जने वहिनीकडून घर भाड्याने घेतलं. भाडं किती? वर्षाला १५,००० पौंड वजनाचा तंबाखू! तिकडे तेव्हा तंबाखू चलनासारखा चालायचा. १७६१ साली वहिनी गेली, तेव्हा कुठे जॉर्ज मालक झाला.

बघा, शंभरेक वर्षांत किती हात बदलले, पण मधली एकही कडी तुटलेली नाही. बँकेत माझ्यासमोर असा रिपोर्ट आला असता तर मी डोळे मिटून सही केली असती.

आता उलट उदाहरण. जॉर्जची बायको मार्था ही आधी डॅनियल कस्टिस नावाच्या बड्या जमीनदाराची बायको. सुमारे १७,५०० एकर जमीन आणि तीनशेच्या आसपास गुलाम. हा गृहस्थ १७५७ साली मृत्युपत्र न करताच गेला. मार्था तेव्हा २६ वर्षांची, पदरात दोन लहान मुलं. अशा वेळी तिथला कायदा सांगायचा की विधवेला जमिनीचा आणि गुलामांचा एक तृतीयांश हिस्सा, पण फक्त हयातीपर्यंत. विकता येणार नाही, कोणाला देता येणार नाही. ती गेली की सगळं नवऱ्याच्या वारसांकडे परत. १७५९ साली तिने जॉर्जशी लग्न केलं आणि हा हिस्सा माउंट व्हर्ननला आला.

याचा परिणाम चाळीस वर्षांनी दिसला. १७९९ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनने आपलं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. २९ पानं! एका पानावर सही राहून गेली आणि शेवटी तारीख अक्षरी लिहिताना सतराशे नव्याण्णवऐवजी सतराशे नव्वद लिहिलं. आमच्या काउंटरवर चेक परत गेला असता. पण हस्ताक्षर त्याचंच होतं, म्हणून कोर्टाने ते मान्य केलं. डिसेंबरमध्ये अंथरुणावर शेवटच्या घटका मोजताना त्याने मार्थाला दोन मृत्युपत्रं आणायला सांगितली. एक निरुपयोगी म्हणून जाळायला लावलं आणि दुसरं जपून ठेवायला दिलं. याला म्हणतात व्यवहार.

त्या मृत्युपत्रात त्याने लिहिलं की माझे गुलाम मार्थाच्या पश्चात मुक्त होतील. मार्थाने तेवढी वाट पाहिली नाही, १ जानेवारी १८०१ ला त्यांना मोकळं केलं. १२३ माणसं सुटली. पण वॉशिंग्टनने १७९९ साली जी यादी केली होती, तिच्यात ३१७ नावं होती. त्यातली १५३ कस्टिसच्या हिश्श्यातली. ती ना त्याची, ना मार्थाची. पहिला नवरा कागद न करता गेला, म्हणून त्यांना सोडण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता.

त्या यादीत फ्रँक नावाचा एक घरगडी आहे. त्याला आणि त्याच्या भावाला वॉशिंग्टनने १७६८ साली एका विधवेच्या इस्टेटीतून विकत घेतलं होतं. फ्रँकची किंमत ५० पौंड. त्याची बायको ल्यूसी स्वयंपाकीण होती, पण ती कस्टिसच्या हिश्श्यातली. तिची आई डॉल १७५९ साली मार्थाबरोबर आली होती. कायदा असा की मूल आईच्या मालकाचं. तेव्हा फ्रँक सुटला, ल्यूसी आणि मुलं मात्र गुलामच राहिली. १८०२ साली मार्था गेली आणि कस्टिसच्या हिश्श्यातली ही सगळी माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. नवरा इकडे, बायको तिकडे.

ती यादी वाचून मी वही मिटली आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. मी आयुष्यभर अशा याद्या केल्या आहेत. तारण माल, नग, किंमत, शेरा. हाताला सवय असते. त्या तीन-चार शेजाऱ्यांच्या हातालाही असणार.

तिथल्या लायब्ररीयन बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावं बहुतेक लिहिलीच नाहीत, फक्त वय, लिंग आणि रंग. नावानिशी नोंद झाली ती १८७० साली. त्याच्या मागे जाऊन कोणाला आपली पणजी शोधायची असेल तर मालकाचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी हाच आधार. ज्या कागदाने माणसाला वस्तू केलं, त्याच कागदात त्याचं नाव उरलं आहे.

हे कागदही सहजासहजी टिकलेले नाहीत. यादवी युद्धात अनेक काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली. १८६५ साली नेमकं रिचमंडच जळालं. वॉशिंग्टनचं मृत्युपत्रही तिकडे होतं, ते फाटकंतुटकं का होईना, परत आलं. मार्थाचं मृत्युपत्र तर एका लष्करी अधिकाऱ्याने फेअरफॅक्सच्या कोर्टातून उचलून नेलं. पुढे ते धनाढ्य मॉर्गन यांच्या संग्रहात गेलं. व्हर्जिनिया राज्याने सुप्रीम कोर्टात दावा लावला, तेव्हा १९१५ साली ते घरी आलं.

आता माझी आत्या.

माझे आजोबा १९६८ साली मृत्युपत्र न करता गेले. गावाकडे वाडा होता. १९५६ च्या कायद्याने वडील, काका आणि आत्या असे तिघे वारस. १९८७ साली वाडा विकायचं ठरलं, तेव्हा आत्याचं हक्कसोडपत्र करून घेतलं. मी तेव्हा बँकेत ऑफिसर, घरात कागदातलं कळणारा एकटाच. मसुदा मीच आणला. सही कुठे करायची ते बोट ठेवून मीच दाखवलं. आत्याने काही विचारलं नाही. तिला एक साडी घेतली आणि एसटी स्टँडवर उसाचा रस पाजला. रस पिता पिता ती म्हणाली, "बाळ, आता माझं नाव कुठंच नाही ना रे?" मी हसून म्हटलं, "आत्या, तुझं नाव आमच्या मनात आहे."

अमेरिकेहून आल्यावर मी ट्रंकेतले जुने कागद काढले. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं बघितलं. आत्याचं नाव एकाच कागदावर आहे, त्याच हक्कसोडपत्रावर. फ्रँक आणि ल्यूसीच्या दुःखाशी मी याची तुलना करत नाही, ते पाप होईल. पण जॉर्जच्या आत्याला १८० पौंड मिळाले आणि माझ्या आत्याला साडी, एवढा हिशेब मला समजतो. तो मीच लिहिला होता.

आत्या आता नाही. तिची मुलगी आहे. वाडा विकून वडिलांकडून माझ्या वाट्याला जे आलं, त्यातला आत्याचा हिस्सा किती होतो ते मी व्याजासकट काढलं. बँकवालाच मी. तेवढी रक्कम मी माझ्या मृत्युपत्रात आतेबहिणीच्या नावे लिहिली. आणि का दिली, तेही आत्याच्या नावानिशी लिहिलं. मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, मग मृत्युपत्रात कशाला? आत्ताच द्या की." बरोबर बोलला. गेल्या दिवाळीत देऊन आलो. ती ओळ मात्र मृत्युपत्रात तशीच ठेवली आहे, फक्त पुढे 'दिले' असं लिहून.

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. फॉर्मवर नॉमिनी लिहिला म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, पण दोन साक्षीदार हवेत, आणि शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे. प्रत्येक पानावर सही करा, तारीख नीट वाचून बघा. नवं केलंत की जुनं फाडा. कुठे ठेवलं आहे ते घरात सांगा. आणि लिहिताना घरातली सगळी माणसं आठवा. लग्न होऊन गेलेली, विधवा झालेली, सगळी.

आपल्या शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला सभासद बदलले की नवी नावं चढतात. पंचवीस वर्षांत आपल्यातले काही गेले, त्यांच्या सर्टिफिकेटवर दुसरी नावं आली. काहींची अजून अडकलेली आहेत, हे कमिटीला विचारा. पुढच्या पिढीतलं कोणी कधी ती सर्टिफिकेटं चाळेल, तेव्हा त्याला एकही कडी तुटलेली सापडू नये.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत. खाली बटाटेवडे गार होत आहेत, हे मला वासावरून कळतं आहे. सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा आणि आपणा सर्वांना दीर्घायुष्य. मृत्युपत्र मात्र या महिन्यात करा.