म्हाताऱ्या कुत्र्याचे पथ्यपाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कुत्र्यावर भाषण, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण आपल्या पेठांतून नि सोसायट्यांतून सकाळी फिरावयास निघाले, म्हणजे हा मुका सोबती किती घरी आहे ते दिसते. मुले परगावी, परदेशी गेली; मागे आजी, आजोबा आणि मोत्या. तो मोत्या आता नऊ-दहा वर्षांचा झाला. त्याची पाठ पाटासारखी सपाट झाली आहे, जिना चढताना तो दोनदा थांबतो आणि आपण म्हणतो, "वय झाले हो त्याचे!" पुष्कळदा ते वय नसते, वजन असते. वय काही उतरवता येत नाही, पण वजन उतरवता येते. तेच आज सांगावयाचे आहे.

कुत्र्याला घास घालणे हा आपला जुना संस्कार. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. परंतु ते कुत्रे भुकेले होते, चार वेळा खाऊन कोचावर झोपणारे नव्हते! भुकेल्याच्या मुखी घास घालणे हा धर्म खरा. पण पोट भरलेल्याला आग्रह करून वाढणे याला धर्म कसे म्हणावे?

यात जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न जन्मभर दिले. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

आपला कुत्रा लठ्ठ आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. आपला पंजा सपाट पसरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागाव्यात. वळलेल्या मुठीच्या हाडांसारख्या लागल्या तर तो रोडावला आहे, आणि तळहाताच्या मांसल भागासारखे लागले तर चरबी वाढली आहे. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कंबर दिसली पाहिजे.

मात्र म्हाताऱ्या कुत्र्याचे अन्न कमी करण्यापूर्वी त्याला पशुवैद्यांकडे नेलेच पाहिजे. मोठे दिसणारे पोट नेहमी चरबीचेच असते असे नाही. हृदयाच्या दुखण्याने पोटात पाणी होते, थायरॉइड मंदावला तर वजन वाढते, अन्य ग्रंथींच्या विकारातही पोट सुटते. रक्त तपासले म्हणजे मूत्रपिंड आणि यकृत यांचेही कळते. दुखणे असेल तर आधी त्यावर उपाय, मग पथ्य.

आता स्वयंपाकघराचा हिशेब करू. ज्याचे योग्य वजन २० किलो असावयास हवे, अशा कुत्र्याला वजन उतरवताना दिवसाला सुमारे ६६० कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांच्या सुमारे २८० आणि चार ग्लुकोज बिस्किटांच्या ९० धरा. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा "काही नाही हो, नुसते तोंडात टाकायला" यातच संपला! आणि त्याचे खरे जेवण अजून व्हावयाचेच आहे. वरचे खाणे दिवसाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे.

अडचण येते ती घरातल्या माणसांची. सूनबाई मोजून वाढतात, आजोबा चहाबरोबर बिस्किट देतात, नातू जेवताना पोळी खाली सोडतो. आणि प्रत्येकाला वाटते, मी एकट्यानेच दिले. यावर भांडू नका. सकाळी दिवसभराचे अन्न वजनकाट्यावर मोजून एका डब्यात भरा. ज्याला द्यावयाचे त्याने त्या डब्यातूनच द्यावे. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आजोबांचा देण्याचा आनंद हिरावून घेऊ नका. म्हातारपणी कोणीतरी आपली वाट पाहते, हे सुख लहान नाही. त्यांच्या हाती काकडीचे वा गाजराचे तुकडे ठेवा. कुत्र्याला हातातून मिळाल्याचे कौतुक असते, तुपाचे नव्हे. मनुका, द्राक्षे, कांदा, लसूण आणि चॉकलेट मात्र कधीही देऊ नये. ती त्याला विषासारखी आहेत.

नेहमीचेच अन्न एकदम निम्मे करू नये. त्याने चरबीबरोबर मांसही झडते आणि म्हातारे पाय अधिकच लटपटतात. प्रथिने भरपूर नि कॅलरी कमी असा आहार पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरवावा, आणि जुन्या अन्नात थोडा थोडा मिसळत आठवड्याभरात बदलावा. कुत्र्याला एकादशी तर मुळीच घडवू नये.

चालणेही बेतानेच. एकदम पर्वती चढावयास नेऊ नका! दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटे सपाटीवर चालवावे आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. चैत्र-वैशाखात ऊन चढण्यापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर रस्ता निवल्यावरच बाहेर काढावे. तळहात रस्त्यावर टेकवून पाहावा, आपल्याला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकली तर पाय घसरत नाहीत. सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्यांचे प्राण गेले आहेत.

वजन हळूहळूच उतरले पाहिजे. आठवड्याला शंभरातला एक भाग, हे प्रमाण म्हाताऱ्या कुत्र्याला मानवते. २६ किलोच्या कुत्र्याचे आठवड्यात पाव किलो उतरले तरी पुष्कळ झाले. २० किलोवर यावयास सहा महिने सहज लागतील. दर पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या काट्यावर वजन करून, दुधाच्या हिशेबासारखे वहीत मांडावे. वजन एकाएकी घसरले, त्याने खाणे सोडले, उलट्या होऊ लागल्या किंवा तो फार पाणी पिऊ लागला, तर पथ्य थांबवून ताबडतोब पशुवैद्यांना दाखवावे.

या काळात तो आपल्याकडे केविलवाण्या नजरेने पाहील. तेव्हा ध्यानात ठेवा, ती नजर नेहमी भुकेचीच नसते. त्याला आपला सहवास हवा असतो. अशा वेळी डब्याकडे न जाता पाच मिनिटे त्याच्याजवळ बसा, अंगावरून ब्रश फिरवा, अंगणापर्यंत चालवून आणा.

भगिनींनो, घरच्या मधुमेही माणसाच्या ताटातली साखर आपण प्रेमापोटीच काढून घेतो ना? आपल्या हातचेच खाऊन ज्याचे वजन वाढले, त्याचे पथ्यही आपल्याच हाती आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी "पुरे" हा शब्द आपणच उच्चारावयास हवा.