हिशेब येतो तिला कोण अडवील?
(अकोला येथील जिल्हा बैठकीत महिला सत्रात झालेले भाषण)



तूर आपण पिकवतो, कच्ची विकतो, आणि घरात खायला डाळ विकत आणतो. अकोल्याच्या डाळ मिला कोणाच्या तुरीवर चालतात? आपल्याच. वास्तविक तुरीला तेल-पाणी लावणे, ऊन देणे, भरडणे, पाखडणे हे काम घराघरांतल्या बायांचे. दाणा दाताखाली धरून तो किती वाळला हे सांगणारी बाई कारागीर आहे. पण तिला कारागीर कोणी म्हणत नाही. येथल्याच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिल तयार केली. म्हणजे यंत्राचीही वाण नाही. मग अडते कुठे?

पहिली अडचण भांडवलाची. सातबारावर नाव नाही, तर तारण काय देणार? सातारा जिल्ह्यातील माण तालुका आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथे म्हसवडला एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोजचे थोडे पैसे ठेवायला ती बँकेत गेली. रक्कम फार लहान म्हणून बँकेने खाते उघडले नाही. तेव्हा चेतना सिन्हा आणि गावच्या बायांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. कारण, सभासद बाया अंगठा लावतात. बाया रडत बसल्या नाहीत. त्या लिहायला शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे गेल्या. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय करून दाखवावे, असे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. अक्षर नव्हते तेव्हाही हिशेब होताच. तोच कामी आला.

दुसरी अडचण भावाची. इथे आपण फसतो, कारण घरच्या मालाची आणि स्वतःच्या मेहनतीची किंमत धरत नाही. समजा, क्विंटलभर तूर बाजारात ७,००० रुपयांना गेली असती. भरडाई, पोते, भाडे मिळून ६०० आणि आपली मजुरी ४००. झाले ८,०००. चुरी-टरफलाचे ३०० आले, ते वजा करा. राहिले ७,७००. डाळ निघाली ७० किलो. म्हणजे किलोला ११० रुपये घरातच पडले. दुकानदार १०५ ने मागतो तेव्हा तो गिऱ्हाईक नाही, आपली मजुरी कापणारा आहे. हे ज्या बाईला माहीत, ती 'नाही' म्हणू शकते. जिला माहीत नाही, ती रोकड हातात आली म्हणून खूश होते आणि दोन वर्षांत गट मोडतो.

तिसरी अडचण एकटेपणाची. एकटीने दहा किलो डाळ नेली तर दुकानदार भाव सांगतो. दहा जणींनी सारख्या प्रतीचा माल नेला तर भाव आपण सांगू शकतो. मात्र प्रत सारखी पाहिजे. एकीच्या पोत्यात खडा निघाला तर दहाही जणींचे नाव जाते.

म्हणून अनुदानाची वाट पाहत बसू नका. आजपासून प्रत्येक गटाने एक वही घालावी. त्यात माल, खर्च, मजुरी सारे लिहावे. पुढच्या बैठकीला येताना डाळ आणा, आणि ती वहीही आणा.