चाकाच्या नटाला योग्य गोटी : कामगाराच्या हाताचा आणि हक्काचा प्रश्न

(दिल्लीत आर. के. पुरम येथे टपाल व रेल्वे खात्यांतील मराठी कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आर. के. पुरमच्या या सरकारी वसाहतीत आपण मराठी माणसे नोकरीच्या निमित्ताने एकत्र आलो आहोत. कोणी रेल्वेत आहे, कोणी टपालात. दिल्लीची मेल मोटर सर्व्हिस येथून फार दूर नाही, ती नारायणा येथे आहे. मुंबईची वरळीला आहे. टपालाच्या गाड्या वेळेवर सुटाव्यात, स्टेशनवर थैल्या वेळेवर पोचाव्यात, यासाठी तेथील ड्रायव्हर आणि मेकॅनिक राबतात. आज आम्ही त्यांच्या हातातल्या एका लहानशा हत्याराविषयी बोलणार आहोत. ते हत्यार म्हणजे चाकाचे नट सोडवण्याची गोटी, म्हणजेच सॉकेट.

वेतन आयोग, पेन्शन, खाजगीकरण हे प्रश्न समोर उभे असताना गोटीवर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. पण विचार करा. रात्री रस्त्यात टायर बसला. गोटी सैल आहे. जोर लावताच ती निसटते, बोटांची हाडे मडगार्डवर आपटतात, नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. आता तो नट कोणत्याच पान्याला दाद देत नाही. गाडी अडकते, टपालाची गाडी चुकते. दुसऱ्या दिवशी मेमो येतो तो ड्रायव्हरला आणि मेकॅनिकला. गोटी कोणी दिली, केव्हा दिली, ती कोणत्या मापाची होती, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

रेल्वेतल्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको. फिशप्लेटचे बोल्ट आवळणाऱ्या कीमनला माहीत असते की झिजलेला पाना निसटला तर माणूस तोल जाऊन रुळावर पडतो. चाकाच्या नटाचे गणित तेच आहे.

पहिली गोष्ट मापाची. गोटीवरचा आकडा हा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर असते, स्टडची जाडी नव्हे. लहान मोटारींना बहुधा १७, १९ किंवा २१ नंबरची गोटी लागते. मोठ्या ट्रकच्या २२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर ३२ चा नटही असतो आणि ३३ चाही. जपानी धाटणीच्या काही जोडचाकांना बाहेरचा नट ४१ चा आणि आतला चौकोनी २१ चा असतो. तेव्हा अंदाजाने गोटी उचलणे धोक्याचे आहे.

आपल्या देशात गोंधळ वाढला तो इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी नांदल्यामुळे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसेडर इंची मापांची होती आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात आली ती मिलिमीटर घेऊन. गॅरेजमधल्या जुन्या उस्तादांच्या तोंडी आजही सूत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आता हिशेब करा. सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर. ही गोटी १९ च्या नटावर चालून जाते, फरक नाममात्र आहे. साडेसहा सूत म्हणजे २०.६४. ही २१ च्या नटावर नीट उतरत नाही; मग ती हातोड्याने ठोकून बसवतात आणि तिला तडा जातो. सात सूत म्हणजे २२.२२. ही २१ च्या नटावर सहज चढते आणि घात इथेच होतो. सव्वा मिलिमीटरची ही फट नटाचे कोपरे खाऊन टाकते. सहज चढली म्हणून गोटी बरोबर, हा समज सोडून द्या. ट्रकच्या ३२ च्या नटावर ३३ ची गोटी लावली तरी तेच होते.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. चाकासाठी सहाकोनी गोटी घ्यावी. ती नटाच्या सपाट बाजूंवर जोर टाकते. बाराकोनी गोटी अडचणीच्या जागी बसवायला सोपी, पण तिचा दाब नटाच्या कोपऱ्यांजवळ येतो. गंजलेल्या, घट्ट बसलेल्या नटाला ती पहिल्याच झटक्यात गोल करू शकते.

तिसरी गोष्ट खोलीची. स्टडचे टोक नटाबाहेर आलेले असते. उथळ गोटी त्या टोकावर टेकते आणि नटाला वरच्यावर, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर धरते. म्हणून लांब गोटी हवी. अलॉय चाकांत नट खोल भोकात असतो. तेथे पातळ भिंतीची गोटी लागते. चाकचोरी टाळण्यासाठी लॉकनट लावले असतील, तर त्यांची खास चावी गाडीतच ठेवा. साधी गोटी त्यावर कधीच बसणार नाही.

चौथी गोष्ट दांडा बसतो त्या चौकोनी भोकाची आणि पोलादाची. लहान मोटारीला अर्ध्या इंचाचे भोक पुरते. जड गाडीला पाऊण इंच किंवा एक इंच हवे. कारण साधे आहे. लहान मोटारीचा नट साधारण १०० न्यूटन-मीटर आवळलेला असतो, म्हणजे ३० सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला सुमारे ३५ किलोचा जोर. मोठ्या ट्रकला ६०० च्या आसपास लागतात, म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला साठ किलोचा माणूस लटकावा तेवढा. हा भार अर्ध्या इंचाच्या दांड्यावर टाकला तर तो पिळवटून तुटतो.

हवेवर चालणारी गन वापरत असाल, तर काळ्या रंगाची, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटीच लावा. चकचकीत क्रोमची गोटी हाताच्या कामासाठी आहे. तिचे पोलाद कडक असते. गनच्या ठोक्यांनी ती फुटून तिचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.

आता पद्धत. नटावरचा गंज, चिखल, रंग आधी खरवडा. गोटी हाताने तळापर्यंत बसवा आणि हलवून पाहा. डुलली तर बदला. गोटीचे तोंड पसरलेले असेल, तडा असेल, तर ती भंगारात टाका. जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा. नट हलत नसेल तर दिशा तपासा. विलीज धाटणीच्या जुन्या जीपच्या आणि काही जुन्या जड गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावणे म्हणजे नट आणखी आवळणे. दांड्यात पाइप घालून त्यावर उभे राहू नका. परत बसवताना नट आधी हाताने फिरवा, मग एकाआड एक, समोरासमोरचे आवळा. शेवटचा घट्टपणा टॉर्क पान्याने द्या आणि थोडी गाडी चालल्यावर पुन्हा तपासा.

हे झाले आपले कर्तव्य. आता प्रशासनाचे. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन कलम ७-अ आले. यंत्रसामग्री आणि कामाची पद्धत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याने कारखान्याच्या चालकावर टाकली. २०२० च्या सुरक्षा संहितेविषयी कामगार चळवळीचे अनेक आक्षेप आहेत, पण कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य त्या संहितेनेही मालकावरच ठेवले आहे. योग्य हत्यार मागणे ही मेहेरबानीची याचना नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून आमच्या सूचना अशा. प्रत्येक गाडीत तिच्याच मापाची गोटी आणि दांडा असावा. डेपोत कोणत्या गाडीला कोणते माप, याचा फलक मराठी-हिंदीत लावावा. झिजलेल्या गोट्यांची नोंदवही असावी आणि बदली गोटी ठराविक मुदतीत मिळावी. प्रत्येक वर्कशॉपला तपासलेला टॉर्क पाना मिळावा. आणि साथींनो, मागणी तोंडी करू नका. लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या, एक प्रत शाखेच्या सेक्रेटरीकडे द्या. उद्या चौकशी झाली तर तो कागदच तुमच्या बाजूने बोलेल.

स्टोअरमधून निकृष्ट गोटी आली तर ती निमूटपणे वापरू नका, शेरा मारून परत करा. एकट्याने परत केली तर त्याला आडमुठा म्हणतील. साऱ्या डेपोने परत केली तर स्टोअरला दुसरी आणावीच लागेल. संघटना असते ती यासाठीच.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!