बियाणें जिला कळतें, तिला कोणी विचारीत नाहीं
(शेतकरी मेळाव्यांत केलेलें भाषण)



आपल्या घरीं बियाणें कोण राखतें? घरची बाई. चांगलीं कणसें हेरून ठेवणें, दाणे राखेंत घोळून मडक्यांत साठविणें, अवर्षणांत कोणतें धान्य तगलें तें ध्यानांत ठेवणें, हें सारें तीच करते. पण नवें वाण करून पहाण्यास कृषी विद्यापीठाचे साहेब शेत मागावयास आले, म्हणजे तिला ओसरीवर कोणी बोलावीत नाहीं. सातबारा ज्याच्या नांवाचा, तोच शेतकरी! २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील शंभर वहिवाटदारांत बायका सुमारे १४ निघाल्या. बाकीच्या रानांत खुरपीत होत्या, पण कागदावर शेतकरी नव्हत्या.

दुसरी अडचण वेळेची. सभा भरते भर दिवसा, तालुक्याच्या गांवीं. तेव्हां बाई खुरपणीला गेलेली. मूल कोणी सांभाळावें? एस. टी. चें भाडें कोणी द्यावें? आणि पत्रक हातीं पडलें, तरी तें वाचण्यापुरती शाळा तिला कोणी दिली होती?

यांत तोटा बायकांचाच होतो, असें समजूं नका. १९६४ सालीं सीएसएच-१ ही देशांतील पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर पडला. पण भाकरी जुन्या ज्वारीसारखी होईना, आणि ताट बुटकें म्हणून कडबा कमी. भाकरी थापणारीला व वैरण टाकणारीला आधीं विचारलें असतें, तर ही खोट प्रयोगाच्या वाफ्यांतच कळली असती.

आफ्रिकेंतील रुवांडा देशांत घेवडा हें रोजचें अन्न, आणि तें पीक बायकांच्या हातचें. १९९० च्या सुमारास तेथील संशोधन केंद्रानें जाणत्या बायकांना वाफ्यांत नेऊन वाणें निवडूं दिलीं. त्यांनीं निवडलेलीं वाणें त्यांच्या रानांत शास्त्रज्ञांनीं निवडलेल्यांपेक्षां सरस ठरलीं. आपल्याकडेहि अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांना २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाणें जतन केल्याबद्दल. त्यांना शाळा मिळाली नव्हती, पारख होती.

म्हणून साहेब आले कीं विचारा, "घरच्या बाईला कां बोलावलें नाहीं?" सभा गांवांत, उन्हें उतरल्यावर भरवा. वाणाची परीक्षा काट्यावर होते, तशी चुलीवर व गोठ्यांतहि होऊं द्या. प्रयोगाच्या वहींत तिचें नांव लिहवा. आणि बंधूंनो, सातबाऱ्यावर तिचें नांव लावण्यास मात्र साहेबाची वाट पाहूं नका. तें काम आपल्याच घरचें आहे.